अब्बांचा अबोला आणि सन बावीसची पावती

*ताई, मी दाभोळच्या खाडीकाठची. पुण्यात वसतिगृहात राहून इतिहासात एम. ए. करतेय, दुसरं वर्ष. पेपरसाठी वाचता वाचता इस्लामच्या सुरुवातीवरचं पाश्चात्त्य संशोधन हाती लागलं. क्रोन आणि कुक यांचं १९७७ चं 'हॅगरिझम' वाचून काढलं, मग व्हिडिओ पाहत गेले. लहानपणापासून पैगंबरांच्या ज्या गोष्टी ऐकल्या त्या त्यांच्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी लिहिल्या गेल्या, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. वर्गाच्या ग्रुपवर एक मुलगा रोज काहीतरी टाकतो: मक्का नव्हतीच, खरं गाव पेट्रा, 'मुहम्मद' ही नुसती पदवी, कुराण दोनशे वर्षांनी रचलं. माझं नाव घेत नाही, पण वर्गात मुसलमान मी एकटीच. सुट्टीत घरी गेले तेव्हा जेवताना अब्बांना विचारलं. अब्बा उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, मगरीबच्या (संध्याकाळच्या) नमाजानंतर मशिदीत मुलांना कुराण शिकवतात. ते ताटावरून उठले नाहीत, पण बोललेही नाहीत. नंतर अम्मीला म्हणाले, "हिला पुण्याला पाठवलं तिथेच चुकलं." त्याला दोन महिने झाले. फोन अम्मीच उचलते. हे सगळं खरं आहे का? मी वाचलं ही चूक झाली का? अब्बांशी काय बोलू?*

*– खाडीकाठची*

लेकी,

तुझं पत्र एकदा तुझ्यासाठी वाचलं आणि एकदा अब्बांसाठी. एक आधीच सांगते. मी मुसलमान नाही. ईमानाबद्दल तुला काही शिकवण्याचा अधिकार मला नाही आणि तो मी घेणारही नाही. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली बरीचशी मोडी दप्तरांत डोकं घालून गेली. जुन्या कागदाला काय विचारावं आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरू नये, एवढं मला कळतं. तेवढ्यावरच बोलते.

वाचलंस त्यात काही चुकलं नाही. फक्त १९७७ च्या पुस्तकावरून तू थेट मोबाइलमधल्या व्हिडिओंवर आलीस आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षं राहून गेली. खरं काम त्या पन्नास वर्षांत झालंय, आणि तुझ्या वर्गातला मुलगा जे टाकतो त्यातलं बरंचसं त्या कामाने केव्हाच मागे टाकलंय.

आधी तो सव्वाशे वर्षांचा धक्का. आपल्या घरचंच उदाहरण घे. शिवाजी महाराज १६८० साली गेले. सभासदाने जिंजीला बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे एकशे तीस वर्षांनंतरची. पैगंबरांचं निधन ६३२ सालचं. त्यांचं पहिलं मोठं चरित्र रचणारा इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारला. अंतर एकशे पस्तीस वर्षांचं. त्याचा मूळ ग्रंथ जसाच्या तसा आपल्या हाती नाही. आपण वाचतो ती ८३३ च्या सुमारास वारलेल्या इब्न हिशामने निवडून, गाळून सिद्ध केलेली प्रत, आणि आपण काय काय गाळलं हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. म्हणजे तू आजीकडून ऐकलेल्या गोष्टी चिटणिसांच्या बखरीइतक्या अंतरावरून आलेल्या आहेत.

आता चिटणीस बखर आपण वर्गात कशी वाचतो? तिच्यातले संवाद शब्दशः खरे धरत नाही. पण बखर उशिराची म्हणून महाराज झालेच नाहीत, असंही कुणी शहाणा म्हणत नाही. बखर बाजूला ठेवतो; समकालीन पत्रं, नाणी, शिलालेख, परक्यांच्या नोंदी काढतो; आणि ते सगळं हाताशी घेऊन बखरीकडे परत येतो. कुठे जुळतं, कुठे फुगवलंय, कुणाच्या घराण्याची भलामण चाललीय, ते तपासतो. इस्लामच्या सुरुवातीचं चिकित्सक संशोधन म्हणजे हेच काम, अरबी, सिरियाक, ग्रीक आणि आर्मेनियन दप्तरांत केलेलं.

एक फरक मात्र इब्न इसहाकच्या बाजूने सांगायला हवा. आपल्या बखरकारांना 'ही हकिकत मला अमक्याने सांगितली, त्याला तमक्याने' असं म्हणायची सवय नव्हती. त्याला होती. सनदेची ती साखळी पुढे खोटीही रचता येत असे, पण साखळी मागायची, तिच्यातला प्रत्येक माणूस पारखायचा, हा आग्रह मुसलमान विद्वानांचा स्वतःचा. इमाम बुखारींनी सहा लाख रिवायतींतून, म्हणजे तोंडी आलेल्या हकिकतींतून, निवड केली असं परंपराच सांगते, आणि त्यांच्या संग्रहात पुनरुक्ती धरून सात हजारांच्या आसपास हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी) आहेत. बनावट हदीस चलनात होत्या हे बाराव्या शतकातल्या इब्न अल-जौझीला इतकं ठाऊक होतं की त्याने नुसत्या बनावट हदीसांचा वेगळा ग्रंथ केला. संशय घेणं हे लंडनहून आलेलं नाही.

लंडनचं म्हणतेय कारण १९७७ साली दोन पुस्तकं तिथल्याच प्राच्यविद्येच्या वर्तुळातून आली. त्याआधीची पायाभरणी गोल्डझिहरची. हंगेरीतला हा ज्यू विद्वान तरुणपणी कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकला होता. त्याने १८९० च्या सुमारास मांडलं की पुष्कळशा हदीसांमध्ये पैगंबरांचा काळ दिसतो त्यापेक्षा नंतरच्या दोन शतकांतले वाद जास्त दिसतात. १९५० मध्ये शाख्ट या अभ्यासकाने तेच कायद्याच्या हदीसांना लावलं. मग १९७७. एका पुस्तकात जॉन वॉन्सब्रो म्हणाले की कुराणाची संहिता स्थिर व्हायला दीडदोनशे वर्षं लागली. क्रोन आणि कुक म्हणाले, मुसलमानी ग्रंथ पूर्ण बाजूला ठेवून त्या काळच्या बाहेरच्या लोकांनी काय लिहिलं तेवढ्यावर इतिहास रचून पाहू. आणि त्यातून निघालं ते ज्यूंच्या जेरुसलेम-ओढीत सुरू झालेल्या एका चळवळीचं चित्र. हे पुस्तक काफिरांनी काफिरांसाठी लिहिलंय, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हणून ठेवलंय. अब्बांनी तेवढं एक पान उघडलं असेल तरी त्यांचं मौन मला समजतं.

पण पुढचं ऐक. त्या मुख्य सिद्धांताची पाठराखण दोघांनीही पुढे सोडली. मागे उरली ती पद्धत: बाहेरच्या नोंदी वाचल्याच पाहिजेत. पॅट्रिशिया क्रोन हे या विषयातलं मला फार आदराचं नाव आहे. १९८७ मध्ये त्यांनी मक्केच्या व्यापारावर पुस्तक लिहिलं. लोबान आणि मसाल्यांच्या श्रीमंत व्यापारावर मक्का पोसली होती, हे तोवर प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेलं. क्रोन यांनी दाखवलं की तसा पुरावा नाही. त्या मार्गाने त्या वस्तू त्या काळात फारशा जातच नव्हत्या. मग कुरैश, पैगंबरांची मक्केतली जमात, विकत काय होते? वीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनीच एक उत्तर सुचवलं: कातडी. सरहद्दीवरच्या रोमन सैन्याला तंबू, खोगिरं, पट्टे, पखाली यांसाठी कातडं लागायचं ढिगांनी. आपल्याच प्रश्नाचा वीस वर्षं पिच्छा पुरवणारी बाई. आणि २००८ मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं की पैगंबर मुहम्मद ही व्यक्ती होऊन गेली याबद्दल शंका नाही, आणि कुराण म्हणजे त्यांनी ईश्वराकडून आलेली म्हणून उच्चारलेली वचनं, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ज्या मुलाने 'हॅगरिझम'ची पानं ग्रुपवर टाकली, त्याने त्याच लेखिकेचा हा लेख वाचलेला नाही. तू वाच.

वॉन्सब्रोंचं काय झालं? त्यांचं म्हणणं हस्तलिखितांनी खोडलं. या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव कागदात रमतो.

१९७२ साली येमेनमध्ये, सनाच्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत, छताच्या पोकळीतून जुन्या चर्मपत्रांचा ढीग निघाला. त्यातल्या एका कुराणाची पानं दोनदा लिहिलेली आहेत. आधीचा मजकूर पुसून वर नवा लिहिलाय, आणि खालचा आता विशेष प्रकाशात वाचता येतो. वरचा मजकूर आज अब्बा शिकवतात तोच. खालच्यात कुठे शब्द वेगळा, कुठे एखादा कमीजास्त, सूरांचा (अध्यायांचा) क्रम निराळा. पण सूरा त्याच. या हस्तलिखिताच्या एका पानाची कार्बन-तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली: चर्मपत्र ५७८ ते ६६९ या दरम्यानचं असण्याची शक्यता ९५ टक्के. व्हिडिओवाले म्हणतात, बघा, कुराण बदललं! आणि ते बोलत नाहीत ती गोष्ट अशी की इब्न मसऊद आणि उबय्य या सहाबींच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, प्रतींत पाठभेद होते, सूरांचा क्रम वेगळा होता, हे मुसलमान ग्रंथकारांनीच हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. सनाच्या पुसलेल्या ओळींत त्याच जातीचे भेद निघाले. परंपरेने जे सांगितलं होतं त्याची साक्ष जमिनीतून नाही, छतातून मिळाली.

२०१५ ची गोष्ट याहून गोड. बर्मिंगहॅम विद्यापीठात मिंगाना नावाच्या इराकी ख्रिस्ती धर्मगुरूने १९२० च्या दशकात जमवलेला संग्रह आहे. पैसे चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातल्या एकाने दिले होते. त्यात दोन पानं एका वेगळ्याच कुराणात चुकून बांधली गेली होती. अल्बा फेदेली या इटालियन अभ्यासक मुलीच्या ते लक्षात आलं. तपासणी झाली: ५६८ ते ६४५, शक्यता ९५.४ टक्के. म्हणजे ज्या जनावराचं कातडं ते, ते जनावर पैगंबरांच्या हयातीत किंवा त्यांच्यानंतर पंधरा वर्षांच्या आत चरत होतं. शाई केव्हाची ते कार्बन सांगत नाही, हे लक्षात ठेव. कातडं काही वर्षं पडून राहिलेलं असू शकतं. तरी 'दोनशे वर्षांनी रचलं' हे म्हणणं त्या दोन पानांसमोर उभं राहत नाही.

आणि मला सगळ्यांत आवडलेला पुरावा कार्बनचा नाहीच, शुद्धलेखनाचा आहे. कुराणात 'अल्लाहची निअमत' हे शब्द पुष्कळदा येतात. 'निअमत'मधला शेवटचा 'त' अरबीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि कुराणात काही ठिकाणी तो एका तऱ्हेने आहे, काही ठिकाणी दुसऱ्या. त्यामागे व्याकरणाचा नियम नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला आलं तसं. मारैन फान पुटन या डच भाषाशास्त्रज्ञाने जुन्यात जुनी हस्तलिखितं लावून पाहिली. जिथे एकात एक 'त', तिथे सगळ्यांत तोच. मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्यात. दहा मुलांनी त्याच ओळीत तीच ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली की कळतं, वही एकच फिरलीय. फान पुटन यांनी २०१९ मध्ये तेच दाखवलं: या सगळ्या प्रती एकाच लिखित मूळ प्रतीवरून उतरलेल्या आहेत, आणि ती मूळ प्रत फार जुनी. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी एक प्रमाण प्रत करवून गावोगावी पाठवली, ही अब्बांनी सांगितलेली गोष्ट तुला आठवत असेल. ती प्रत उस्मान यांच्याऐवजी पाचवे उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक यांच्या काळात सिद्ध झाली, असं मानणारे अभ्यासक आजही आहेत. स्टीफन शूमेकर यांचं त्यावरचं पुस्तक २०२२ चं. वाद चालू आहे. पण तो दोनशे वर्षांवरून चाळीस-पन्नास वर्षांवर आलाय.

आता पावती. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे. इजिप्तमध्ये उतरलेल्या अरब तुकडीने एका गावाकडून पासष्ट मेंढ्या घेतल्या, त्याची पोच. वर ग्रीक, खाली अरबी, आणि तारीख : जुमादा अल-ऊला, सन बावीस. म्हणजे हिजरी २२, इसवी ६४३, पैगंबरांच्या निधनानंतर अकरा वर्षं. कशाचं सन ते लिहिलेलं नाही, लिहायची गरज वाटली नाही. पेशवे दफ्तरात बकऱ्या-मेंढ्यांच्या असल्या पावत्या मी शेकडो वाचल्यात. पावती लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहासाशी काही देणंघेणं नसतं, म्हणूनच तो विश्वासाचा. त्यानंतर दोन वर्षांनी सौदी अरेबियातल्या अल-उलाजवळच्या खडकावर जुहैर नावाच्या माणसाने कोरून ठेवलं की उमर वारले त्या वेळी, सन चोवीसमध्ये, मी हे लिहिलं. परंपरेत दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या निधनाचा काळ तोच.

परक्यांच्या नोंदीही आहेत. ६४० च्या सुमारास थॉमस नावाच्या सिरियाक ख्रिस्ती पाद्र्याने ६३४ सालची गाझाजवळची लढाई लिहिली, ती 'मुहम्मदच्या अरबांशी' झाली म्हणून. ६६० च्या दशकातला आर्मेनियन इतिहासकार, ज्याला सेबेओस म्हणतात, तो मुहम्मद नावाच्या एका व्यापाऱ्याबद्दल लिहितो; त्याने आपल्या लोकांना अब्राहमचा देव ओळखायला शिकवलं म्हणतो. 'मुहम्मद ही नुसती पदवी होती' या म्हणण्याला इथेच उत्तर मिळतं.

पण माझ्या या सगळ्या उत्साहात तुला एकच बाजू देऊन पाठवलं तर ती फसवणूक होईल. काही प्रश्न खरोखर अवघड आहेत आणि ते 'इस्लामविरोधकांचा डाव' म्हणून झटकता येत नाहीत. मक्केचा इस्लामपूर्व काळातला निर्विवाद उल्लेख बाहेरच्या कुठल्याही ग्रंथात सापडत नाही; कुराणातही ते नाव एकदाच येतं, आणि 'बक्का' एकदा. स्वतः पैगंबरांचं नाव कुराणात चारदाच आहे. मुसलमान राज्यकर्त्यांच्या नाण्यांवर आणि लेखांवर ते पहिली पन्नास-साठ वर्षं दिसत नाही. हिजरी ६६ मध्ये इराणातल्या बिशापूरच्या एका नाण्यावर 'मुहम्मद रसूल अल्लाह' येतं, आणि ७२ मध्ये जेरुसलेमच्या घुमटाच्या (डोम ऑफ द रॉक) आतल्या लेखात ते ठळकपणे झळकतं. त्याआधी पहिले उमय्यद खलिफा मुआविया यांनी ताइफजवळ धरण बांधलं, त्याच्या हिजरी ५८ च्या शिलालेखात ते स्वतःला 'अमीरुल मोमिनीन' (मोमिनांचा, म्हणजे श्रद्धावंतांचा, प्रमुख) म्हणवतात, पैगंबरांचा उल्लेख नाही. असं का? फ्रेड डॉनर या अमेरिकन अभ्यासकाने २०१० मध्ये सुचवलं की सुरुवातीची चळवळ 'मोमिनांची' होती, तिच्यात काही ज्यू आणि ख्रिस्ती एकेश्वरवादीही सामावले होते, आणि 'मुसलमान' ही वेगळी ओळख अब्द अल-मलिक यांच्या काळात घट्ट झाली. मला स्वतःला हे म्हणणं पूर्ण पटत नाही. ख्रिस्ती लेखक इतक्या लवकर या लोकांना परके म्हणून ओळखतात, त्याचा उलगडा त्यातून नीट होत नाही. पण प्रश्न रास्त आहे.

तसंच 'जाहिलिया'चं, म्हणजे इस्लामपूर्व 'अज्ञानाच्या' काळाचं. अरबस्तानात सगळीकडे मूर्तिपूजाच होती, हे आपण सगळे शिकलो. दक्षिणेत, आजच्या येमेनमध्ये, हिम्यरच्या राजांनी चौथ्या शतकाच्या अखेरीसच जुने देव सोडून एका देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती, आणि नजरानच्या बाजूला पाचव्या शतकातले ख्रिस्ती अरबांचे शिलालेख सापडलेत. अहमद अल-जल्लाद यांच्यासारखे शिलालेखतज्ज्ञ दर वर्षी वाळवंटातून नवं काही वाचून आणतायत. कुराण ज्या कानांवर पडलं त्या कानांना मूसा, ईसा, मरयम अनोळखी नव्हते. हे कळल्यावर कुराण वाचताना मला तरी ते जास्त जिवंत वाटलं, कमी नाही.

पेट्रावर फार वेळ घालवू नकोस. जुन्या मशिदींचा किब्ला (नमाजाची दिशा) पेट्राकडे दाखवतो हा दावा कॅनडाच्या डॅन गिब्सन यांचा. डेव्हिड किंग यांनी इस्लामी खगोलशास्त्रावर आयुष्य घालवलं. त्यांनी दाखवलं की त्या काळी नकाशे आणि अंश नव्हते, लोक दिशा धरत ती सूर्य उगवण्या-मावळण्याच्या जागांवरून आणि वाऱ्यांवरून. आजच्या उपग्रहाने त्या भिंती मोजून गाव शोधणं म्हणजे जोतिबाच्या देवळाची दिशा मोजून काशी शोधण्यासारखं. जन्नतच्या हूरी म्हणजे पांढरी द्राक्षं, हा दुसरा लाडका दावा, टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाचा. अरबी शब्द अडला की सिरियाकमध्ये मिळताजुळता शोधायचा, ही त्याची रीत बहुतेक भाषातज्ज्ञांनी नाकारली.

त्या मुलाला उत्तर द्यायचं तर एकदाच दे आणि दोनच ओळींचं: सन बावीसची पावती आणि क्रोन यांचा २००८ चा लेख. पुढे वाद घालू नकोस. रोज एकटीला टोचत राहणं हा अभ्यास नव्हे, आणि तो थांबला नाही तर विभागातल्या ज्या शिक्षकांवर तुझा विश्वास आहे त्यांना ग्रुप दाखव. गप्प राहून सोसण्यात काही पुण्य नाही. त्याच्यासाठी माझा निरोप मात्र सांग. पुण्यात शिकतो आहेस ना? भांडारकर संस्थेत जाऊन ये. तिथे १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, शेकडो पोथ्या लावून, अनेक लाडके श्लोक तळटीपेत घालून. ज्या गजाने दुसऱ्याचा ग्रंथ मोजायचा तोच आपल्या ग्रंथाला लावायची तयारी असेल तर ये, आपण बोलू. २००४ च्या जानेवारीतल्या हल्ल्यात त्याच संस्थेची काय दशा झाली तेही विचार तिथल्या माणसांना. मी दुसऱ्या आठवड्यात गेले होते. फाटलेल्या पोथ्यांची पानं गोळा करणारे हात अजून डोळ्यांसमोर आहेत.

आता अब्बा.

लेकी, तू त्यांना जेवताना विचारलंस. ज्या माणसाने चाळीस वर्षं मुलांना अलिफ-बे शिकवलं, त्याच्या ताटात तू एक प्रश्न वाढलास ज्याचा अर्थ त्याच्या कानाला असा लागला: तुम्ही मला शिकवलंत ते खोटं होतं का? तू तसं विचारलं नसशील. पण त्यांना तसंच ऐकू आलं. त्यांच्या भीतीला कारणंही आहेत. ईजिप्तच्या नस्र हामिद अबू झैद यांनी कुराणाकडे साहित्य म्हणून पाहण्याची रीत मांडली, तर १९९५ मध्ये कैरोच्या न्यायालयाने त्यांना धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचं लग्नच रद्द केलं. नवरा-बायकोला देश सोडावा लागला. पाकिस्तानात इस्लामचे अभ्यासक फजलुर रहमान यांना १९६८ मध्ये निघून जावं लागलं. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंना काय ऐकून घ्यावं लागलं ते तुमच्या पंचक्रोशीत अब्बांच्या पिढीने पाहिलंय. त्यांचा विषय वेगळा होता, समाजसुधारणेचा. पण 'प्रश्न विचारणारी मुलगी' म्हटल्यावर बापाच्या मनात पहिलं काय येतं ते तू समजू शकतेस. 'तिथेच चुकलं' हे वाक्य पुण्याबद्दल नव्हतं. लेक एकटी पडेल, या धास्तीचं होतं.

त्यांना सर सय्यद अहमद ठाऊक असतील. ज्या विल्यम म्यूर यांनी पैगंबरांचं चरित्र लिहिलं ते इंग्रज सरकारचे बडे अधिकारी, मिशनऱ्यांच्या जवळचे. सर सय्यदांना ते वाचून झोप लागेना. पुस्तक बंद करून ठेवता आलं असतं. त्यांनी पैसे उभे केले, १८६९ मध्ये लंडन गाठलं, तिथल्या ग्रंथालयांत बसले आणि १८७० मध्ये उत्तर छापलं. शिबली नोमानींनी 'सीरतुन्नबी'च्या आरंभीच जुन्या चरित्रग्रंथांची कठोर छाननी केली, कुठली रिवायत का धरू नये ते सांगत. उत्तर प्रदेशातल्या मऊच्या मुस्तफा आझमींनी केंब्रिजमध्ये शाख्टला उत्तर म्हणून प्रबंध लिहिला. हैदराबादच्या हमीदुल्लाहांनी हम्माम इब्न मुनब्बिहचा जुना हदीस-संग्रह हस्तलिखितांतून शोधून छापला. जर्मनीच्या हराल्ड मोत्स्की यांनी तर गोल्डझिहर-शाख्टच्याच अंगणात उभं राहून, सनद आणि मजकूर शेजारी ठेवून दाखवलं की काही रिवायती पहिल्या हिजरी शतकापर्यंत मागे नेता येतात. या सगळ्यांशी मी प्रत्येक ठिकाणी सहमत नाही. पण घरच्या कपाटात शिबली असतीलच. सुट्टीत तोच काढून अब्बांबरोबर वाच. तुझा विषय त्यांच्या कपाटात आधीपासून आहे, हे त्यांना आठवून दे.

आणि आणखी एक कर. बर्मिंगहॅमच्या त्या दोन पानांची छायाचित्रं विद्यापीठाने सर्वांसाठी खुली ठेवलीत. मोठ्या आकारात छापून घे, चांगल्या कागदावर. एका पानावर सूरा मरयम संपते आणि सूरा ताहा सुरू होते. लिपी हिजाजी, उजवीकडे झुकलेली. नुक्ते (अक्षरांची टिंबं) तुरळक, जेर-जबर (स्वरखुणा) नाहीतच. तुला ते वाचता येणार नाही. मला तर नाहीच. अब्बांना येईल, कारण त्यांना पाठ आहे. पहिले दोन शब्द ओळखले की जीभ पुढे आपोआप धावेल, आणि नजर मागून अक्षरं जुळवत जाईल. ती पानं ज्या पिढीने लिहिली तिनेही ती तशीच वाचली असणार. मौखिक परंपरा आणि लिखित प्रत यांचं नातं काय, यावर तू पेपरात दहा गुणांचं उत्तर लिहिशील. ते नातं तुला अब्बांच्या तोंडून ऐकायला मिळेल.

ताहाच का, ते त्यांना सांगावं लागणार नाही. इब्न इसहाकमध्ये हजरत उमर यांची गोष्ट आहे: तलवार घेऊन निघालेला माणूस, कुणीतरी म्हणतं आधी आपलं घर बघ, बहिणीच्या दारात पोचतो तर आत कुराणाचं वाचन चाललेलं, रागाने हात उगारतो, तिच्या रक्ताचा थेंब पाहून ओशाळतो, आणि तिच्या हातातला कागद मागून वाचतो. तो कागद ताहाचा. 'हे कुराण तुझ्यावर उतरवलं ते तुला कष्ट व्हावेत म्हणून नव्हे,' अशा अर्थाची त्या सूरेची दुसरी आयत. आणि तू इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून तुझ्यासाठी: इब्न इसहाक ही गोष्ट सांगून थांबत नाही. लगेच दुसरी देतो, जिच्यात बहीण नाही, तलवार नाही. रात्री काब्याच्या पडद्याआड लपून उमर पैगंबरांचं पठण ऐकतात आणि मन पालटतं. दोन्ही शेजारी ठेवतो, आणि खरं काय ते अल्लाहला ठाऊक, असं म्हणून पुढे जातो. हे अब्बांना नक्की माहीत असेल. नसेल तर तूच वाचून दाखव.

पान दाखवताना 'हे किती सालचं आहे' यापासून सुरू करू नकोस. कार्बन, टक्के, फेदेली, सगळं नंतर, त्यांनी विचारलं तर. मगरीबची मुलं घरी गेल्यावर, चहाच्या वेळी, ओटीवर बसून एवढंच म्हण, "अब्बा, मला हे वाचता येत नाही. तुम्ही सांगता?"

मग मला लिही. त्यांनी कुठल्या शब्दापासून सुरुवात केली, ते आवर्जून लिही.

– ताई